सुई टोचून घेण्यापूर्वी : पात्र ॲक्युपंक्चर चिकित्सकाची निवड

भिलाईच्या हथखोज औद्योगिक क्षेत्रात दिवसरात्र पोलाद कापले, वाकवले आणि जोडले जाते. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये आठ-आठ तास वाकून जोडकाम करणारा वेल्डर, लेथवर एकाच पायावर भार देऊन उभा राहणारा टर्नर, ट्रक भरणारा हमाल आणि हिशेबाच्या टेबलावर मान मोडून बसणारा कारकून या साऱ्यांची एक तक्रार समान असते. कुणाची कंबर धरते, कुणाचा खांदा आखडतो, कुणाचे गुडघे जिने चढू देत नाहीत. वेदनाशामक गोळ्यांनी तात्पुरता आराम पडतो. पुढे त्यांनी पित्त उसळते आणि मूत्रपिंडावर ताण येण्याची भीतीही असते. अशा वेळी ‘गोळी नाही, शस्त्रक्रिया नाही, केवळ सुईने आराम’ अशी पाटी नजरेस पडली की पावले तिकडे वळणे स्वाभाविक होय.

सुईचा हा उपचार करून घ्यावा किंवा नाही, हा रुग्णाने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावयाचा प्रश्न आहे. तो करून घ्यावयाचे ठरल्यास सुई कोणाच्या हाती द्यावी, हा प्रश्न त्याहून निकडीचा ठरतो. खाते उघडू इच्छिणाऱ्याची ओळख बँक केवळ त्याच्या बोलण्यावरून मान्य करीत नाही. रिझर्व्ह बँकेने २००२ मध्ये ‘आपल्या ग्राहकाला ओळखा’ ही मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. तेव्हापासून कागद पाहणे, तो मूळ प्रतीशी ताडणे आणि ज्याने तो दिला त्याच्याकडून खात्री करून घेणे या तीन पायऱ्या बँकेच्या अंगवळणी पडल्या आहेत. आपले शरीर ज्याच्या स्वाधीन करावयाचे, त्या चिकित्सकाच्या बाबतीत ग्राहकानेही याच पायऱ्या चढाव्यात, हा या लेखाचा हेतू आहे.

सुईचा भारतातील प्रवास

ॲक्युपंक्चर ही चीनची प्राचीन उपचारपद्धती होय. शरीरातून ‘ची’ नावाची जीवनशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते आणि त्या मार्गांवरील बिंदूंवर बारीक सुया टोचून तिचा समतोल साधता येतो, ही त्या पद्धतीची पारंपरिक धारणा आहे. चौदा मार्गांवरील ३६१ बिंदूंची गणना आज जगभर प्रमाण मानली जाते. आधुनिक वैद्यकशास्त्र मात्र या परिणामाचा विचार मज्जातंतू, स्नायू आणि शरीरात निर्माण होणारी वेदनाशामक द्रव्ये यांच्या आधारे करते.

भारतात हा उपचार रुजला त्याचा धागा महाराष्ट्राशीही जोडलेला आहे. जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक पाठविले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, नागपूरचे डॉ. चोळकर आणि कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू यांचा समावेश होता. डॉ. कोटणीस यांचे ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच निधन झाले. डॉ. बसू मायदेशी परतले. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनमध्ये जाऊन त्यांनी ॲक्युपंक्चरचे शिक्षण घेतले आणि कोलकात्यात ते सुरू केले. कोटणीसांच्या स्मरणार्थ चालविलेल्या केंद्रांतून या उपचाराचा प्रसार झाल्याने त्यांचे नाव त्याच्याशी जोडले गेले, प्रत्यक्षात डॉ. कोटणीस रणभूमीवरील शल्यचिकित्सक होते.

पाश्चात्त्य जगाचे लक्ष या पद्धतीकडे वेधले ते १९७१ मध्ये. अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर पेकिंग येथे अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरच्या पोटातील अस्वस्थतेसाठी त्यांना सुया टोचण्यात आल्या. ती हकीकत त्यांनी वृत्तपत्रात लिहिली. ‘सुयांनी बधिर करून शस्त्रक्रिया झाली’ असे रूप तिला पुढे सांगोवांगी मिळाले. वास्तविक शस्त्रक्रियेसाठी नेहमीचे भुलीचे इंजेक्शनच दिले गेले होते. उपचारांच्या माहितीपत्रकांतील ऐतिहासिक दाखले किती सावधपणे वाचावेत, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

कायदा काय सांगतो ?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र वैद्यकशास्त्राचा दर्जा न देता एक उपचारप्रकार म्हणून मान्य केले. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांनी अथवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींनी तो करावा, अशी त्यावेळची भूमिका होती. ‘डॉक्टर’ ही उपाधी मान्यताप्राप्त वैद्यकपद्धतींच्या व्यावसायिकांनीच लावावी, असेही राज्यांना कळविण्यात आले. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने ॲक्युपंक्चरला आरोग्योपचाराची एक प्रणाली म्हणून मान्यता दिली.

राज्यांच्या पातळीवर पहिले पाऊल पश्चिम बंगालने टाकले. तेथील ॲक्युपंक्चर उपचारपद्धतीचा कायदा १९९६ चा आहे. महाराष्ट्राचा कायदा २०१५ च्या नावाने ओळखला जातो आणि त्यानुसार ॲक्युपंक्चर परिषद, व्यावसायिकांची नोंदणी व शिक्षणाचे नियमन यांची तरतूद झाली. छत्तीसगडमध्ये ॲक्युपंक्चरसाठी असा स्वतंत्र कायदा व परिषद नाही. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईस जाणारा लोहमार्ग दुर्ग-भिलाईवरून जातो. त्याच्या दोन्ही टोकांच्या राज्यांत चिकित्सकांची अधिकृत नोंदवही आहे आणि मधल्या हथखोजच्या रुग्णाला मात्र ती हाताशी उपलब्ध नाही. पारख करण्याचा भार यामुळे त्याच्यावरच अधिक येतो.

येथे दोन कागदांची गल्लत होऊ नये. छत्तीसगडमध्ये उपचर्यागृहे व रोगोपचार आस्थापनांच्या परवान्यासाठी २०१० चा कायदा आहे. त्याखालील परवाना हा आस्थापनेला, म्हणजे जागेला व सोयींना मिळतो. भिंतीवरील असा परवाना पाहून सुई टोचणाऱ्याच्या प्रशिक्षणाची खात्री होत नाही. दुकान-आस्थापना नोंदणी, वस्तू व सेवा कराचा क्रमांक अथवा संस्था-नोंदणीचे प्रमाणपत्र यांचेही तसेच आहे. ही कागदपत्रे व्यवसाय चालविण्याची होत, विद्येची नव्हेत.

पात्रतेचे तीन स्तर

ॲक्युपंक्चर करणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन गट दिसतात.

पहिला गट नोंदणीकृत डॉक्टरांचा. एम.बी.बी.एस., बी.ए.एम.एस. अथवा बी.एच.एम.एस. यांसारखी मान्य पदवी घेऊन आपापल्या परिषदेकडे नोंदणी केलेली आणि त्यानंतर ॲक्युपंक्चरचे वेगळे प्रशिक्षण घेतलेली ही मंडळी असतात. त्यांना शरीररचनेचे व रोगनिदानाचे ज्ञान असते; सुईचे प्रशिक्षण किती घेतले, हे मात्र स्वतंत्रपणे विचारावे लागते. पदवी मोठी असली म्हणून सुई आपोआप येत नाही.

दुसरा गट ॲक्युपंक्चरचाच दीर्घ अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र अथवा पश्चिम बंगालच्या परिषदेकडे नोंद झालेल्यांचा. ती नोंदणी त्या त्या राज्यापुरती असते, तथापि प्रशिक्षणाचा एक तपासता येण्याजोगा पुरावा म्हणून छत्तीसगडच्या रुग्णालाही तिचे मोल आहे.

तिसरा गट आठवडाभराच्या शिबिरातून, पत्रद्वारा अभ्यासक्रमातून किंवा केवळ पुस्तके वाचून सुई हाती घेणाऱ्यांचा. अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेल्या या मंडळींच्या दवाखान्यातच बहुधा सर्वांत जास्त चौकटबंद प्रमाणपत्रे लटकलेली आढळतात.

प्रशिक्षण पुरेसे कशाला म्हणावे, याचे एक माप जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिले आहे. जो मुळात डॉक्टर नाही, त्याच्यासाठी २,५०० तासांचे प्रशिक्षण सुचविले असून त्यात किमान १,००० तास प्रत्यक्ष व रुग्णांसमवेतचे काम अपेक्षित आहे. पूर्ण ॲक्युपंक्चर व्यवसाय करू इच्छिणाऱ्या डॉक्टरांसाठी १,५०० तास आणि आपल्या नेहमीच्या कामाला पूरक म्हणून मर्यादित वापर करणाऱ्या डॉक्टरांसाठी किमान २०० तास सांगितले आहेत. रोज सहा तास धरले तरी २,५०० तासांना चारशेहून अधिक दिवस लागतात. शनिवार-रविवारच्या एका शिबिरात जास्तीत जास्त बारा-पंधरा तास होतात. एवढा हिशेब ध्यानात ठेवला तरी पुष्कळ प्रमाणपत्रांचे खरे वजन कळून येते.

नावापुढील अक्षरांचाही अर्थ विचारावा. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांनाच असतो. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो. पर्यायी वैद्यकाचे नाव धारण करणाऱ्या कोलकात्यातील दोन संस्था या यादीत वर्षानुवर्षे आढळतात. ‘एम.डी.’ या दोन अक्षरांपुढे कंसात ॲक्युपंक्चर लिहिलेले दिसले, तर ती कोणत्या विद्यापीठाची, हे विचारण्यात संकोच मानू नये.

पडताळणीची रीत

बँकेत धनादेश वटण्यापूर्वी सही नमुन्याशी ताडली जाते. प्रमाणपत्राचेही तसेच करावे. चिकित्सकाकडून नोंदणी क्रमांक आणि नोंदणी करणाऱ्या परिषदेचे नाव टिपून घ्यावे. एम.बी.बी.एस. डॉक्टरांचा क्रमांक राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीत आणि रायपूर येथील छत्तीसगड वैद्यक परिषदेकडे तपासता येतो. आयुर्वेद व होमिओपॅथीच्या पदवीधरांसाठी त्यांच्या स्वतंत्र परिषदा आहेत. महाराष्ट्रात वा बंगालमध्ये नोंदणी असल्याचे सांगितल्यास तेथील ॲक्युपंक्चर परिषदेकडे लेखी चौकशी करता येते. नाव, क्रमांक आणि पत्ता या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. केवळ क्रमांक अस्तित्वात आहे, एवढे पुरेसे नाही. तो दुसऱ्याचाही असू शकतो.

एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. एका पद्धतीतील नोंदणी ही दुसऱ्या पद्धतीचे औषध देण्याचा परवाना ठरत नाही. होमिओपॅथीच्या नोंदणीवर ॲलोपॅथीची औषधे दिल्यामुळे रुग्ण दगावल्याच्या मुंबईतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे कठोर शब्दांत स्पष्ट केले. म्हणून डॉक्टर नसलेला ॲक्युपंक्चर चिकित्सक सुयांबरोबर नाव नसलेल्या पुड्या, गोळ्या अथवा इंजेक्शने देऊ लागला, तर ते घेऊ नये. वेदना झटकन थांबविणाऱ्या अशा पुडीत स्टिरॉइड असण्याचा धोका नाकारता येत नाही आणि श्रेय मात्र सुईला जाते.

पहिल्या भेटीत विचारावयाचे प्रश्न

पहिली भेट ही उपचाराची न मानता चौकशीची मानावी. पुढील प्रश्न शांतपणे व आदराने विचारावेत.

१. आपली मूळ पदवी कोणती आणि नोंदणी कोठे आहे ?

२. ॲक्युपंक्चरचे शिक्षण कोणत्या संस्थेत, किती कालावधीचे आणि किती तासांचे घेतले ? त्यात रुग्णांवर देखरेखीखाली किती काळ काम केले ?

३. या आजाराचे निदान कोणत्या डॉक्टरांनी, कोणत्या तपासण्यांवरून केले पाहिजे असे आपणांस वाटते ?

४. किती सिटिंगनंतर फरक अपेक्षित आहे आणि फरक न पडल्यास पुढे काय करावे ?

५. सुया कोणत्या वापरता ? पाकीट समोर उघडाल काय ?

६. या उपचारात कोणते धोके संभवतात ?

७. एका सिटिंगचे शुल्क किती आणि पावती मिळेल काय ?

जाणकार चिकित्सकाला हे प्रश्न खटकत नाहीत. सहाव्या प्रश्नाचे उत्तर विशेष लक्षपूर्वक ऐकावे. ‘काही धोका नाही, सुई म्हणजे मुंगी चावल्यासारखी’ एवढ्यावर जो विषय संपवितो, त्याला धोके ठाऊक नाहीत किंवा तो ते सांगू इच्छित नाही. दोन्ही परिस्थितींत त्याच्यापासून दूर राहणे श्रेयस्कर. रुग्णानेच विचारावे असे नाही. चिकित्सकानेही विचारले पाहिजे. मधुमेह आहे काय, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत काय, पेसमेकर बसविला आहे काय, फिट येतात काय, स्त्री रुग्ण गरोदर आहे काय, हे न विचारता जो सुया काढतो त्याच्या पदव्या कितीही असोत, तो निष्काळजी होय. पेसमेकर असलेल्यांना सुयांना विजेचा प्रवाह जोडण्याचा प्रकार वर्ज्य मानला जातो, तर गरोदरपणी काही बिंदू परंपरेनेच टाळले जातात.

सुईची सुरक्षितता

ॲक्युपंक्चरची सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. ती भरीव, केसासारखी बारीक व लवचिक असते. योग्य हातांत ती बहुधा निरुपद्रवी ठरते. थोडे रक्त येणे, निळसर डाग पडणे, क्षणभर झिणझिण्या येणे हे नेहमीचे अनुभव आहेत. गंभीर इजा विरळ असल्या तरी घडतात, आणि त्या टाळणे हे मुख्यतः चिकित्सकाच्या ज्ञानावर व शिस्तीवर अवलंबून असते.

पहिला धोका संसर्गाचा. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे १९८४ मध्ये एकाच दवाखान्यातील ३५ रुग्णांना ॲक्युपंक्चरमधून ‘हिपॅटायटिस बी’ या काविळीची लागण झाल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. यावरील उपाय स्वस्त आणि सोपा आहे. प्रत्येक रुग्णासाठी निर्जंतुक, एकदाच वापरावयाच्या सुया असाव्यात. पाकिटावर निर्जंतुकीकरणाची खूण, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहावी व ते पाकीट रुग्णासमोरच उघडले जावे. ‘तुमच्या नावाच्या सुया बाटलीत ठेवल्या आहेत, पुढच्या वेळी त्याच वापरू’ असे सांगितल्यास नम्रपणे नकार द्यावा. स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेली सुई निर्जंतुक होत नाही. वापरलेल्या सुया जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार पांढऱ्या, अर्धपारदर्शक आणि छिद्र न पडणाऱ्या डब्यात गेल्या पाहिजेत. असा डबा दवाखान्यात दिसतो की नाही, हे दारातूनही पाहता येते.

दुसरा धोका शरीररचनेच्या अज्ञानाचा. फुप्फुसाचे टोक गळपट्टीच्या हाडाच्याही थोडे वर पोहोचते. खांदा, मान, छाती व पाठीचा वरचा भाग येथे सुई सरळ आणि खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडून त्याभोवती हवा साचू शकते. वेल्डरचा आखडलेला खांदा हा नेमका याच भागात मोडतो. उपचारानंतर काही तासांनीही छातीत कळ आली, धाप लागली अथवा कोरडा खोकला सुरू झाला तर त्वरित रुग्णालय गाठावे आणि तेथील डॉक्टरांना सुया कोठे टोचल्या होत्या, हे न विसरता सांगावे.

तिसरी बाब भोवळीची. रात्रपाळी संपवून उपाशीपोटी, घामाने निथळत थेट दवाखान्यात जाणाऱ्याला पहिल्याच सुईला चक्कर येऊ शकते. थोडे खाऊन, पाणी पिऊन जावे. पहिल्या वेळी सुया झोपूनच घ्याव्यात. उठल्यावर काही वेळ बसून मगच दुचाकीला हात लावावा. टोचलेल्या व काढलेल्या सुया चिकित्सकाने मोजाव्यात, ही साधी शिस्तही मोलाची आहे.

निदान आधी, सुई नंतर

ॲक्युपंक्चरमधील सर्वांत मोठे नुकसान पुष्कळदा सुईमुळे होत नाही, तर सुईपायी गेलेल्या वेळामुळे होते. समजा, हथखोजमधील एका तिशीतील फिटरची कंबर तीन महिन्यांपासून दुखत आहे, सायंकाळी अंगात कणकण असते आणि वजन उतरले आहे. ‘नस दबली आहे’ असे सांगून त्याला वीस सिटिंग दिल्या गेल्या. सुईने वेदना थोडी बोथट झाली आणि मणक्याचा क्षयरोग आतून वाढत राहिला. ज्या आजारावर निश्चित औषध आहे, तो दोन्ही पाय लुळे पडल्यावर उघडकीस येतो. हे उदाहरण काल्पनिक असले तरी असे होण्याची वाट पूर्णपणे वास्तवातली आहे.

छत्तीसगड आणि विदर्भातील रुग्णांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आढळतो. तरुण वयात हाडे व सांधे वारंवार दुखणे, विशेषतः खुब्यात कळा येणे, हे त्याचे लक्षण असू शकते. यासाठी प्रथम रक्ततपासणी व्हावी. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून त्याअंतर्गत तपासणी केली जाते.

पुढील लक्षणे असताना सुईकडे न वळता थेट रुग्णालयात जावे : लघवी-शौचावरील ताबा सुटणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, तापासह पाठदुखी, कारण नसताना वजन घटणे, पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र वेदना, छातीतून डाव्या हाताकडे जाणारी कळ. चेहरा वाकडा होणे, हात लुळा पडणे वा बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे असून रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन बहुधा साडेचार तासांच्या आतच देता येते. ‘लकव्यावर हमखास उपाय’ अशा पाटीखाली घालविलेली ती दुपार पुन्हा मिळत नाही.

तर मग ॲक्युपंक्चरचा उपयोग कोठे ? जुनाट कंबरदुखी, मानदुखी, गुडघेदुखी, खांदेदुखी व डोकेदुखी यांवरील ३९ चाचण्यांतील २० हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ॲक्युपंक्चर न घेतलेल्यांपेक्षा ते घेतलेल्यांना अधिक आराम पडल्याचे दिसले. मात्र खोट्या, म्हणजे नाममात्र सुया टोचलेल्यांशी तुलना करता हा फरक लहान होता. जर्मनीने २००७ पासून जुनाट कंबरदुखी व गुडघेदुखीसाठी सार्वजनिक आरोग्य विम्यातून हा खर्च देण्यास प्रारंभ केला, तोही विशेष प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडून उपचार झाल्यासच. इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे सांगितले, तर २०२१ मध्ये दुसरे कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी त्याचा विचार करण्यास अनुमती दिली. जाणत्या मंडळींतही असे मतभेद असताना ‘शंभर टक्के गुण’ असे सांगणारा माणूस शास्त्राच्या नव्हे, विक्रीच्या भाषेत बोलत असतो.

‘जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेले ४३ आजार’ ही ओळ अनेक माहितीपत्रकांत आढळते. ती यादी १९७९ च्या पेकिंग येथील चर्चासत्रातून आली असून ती प्रामुख्याने चिकित्सकांच्या अनुभवावर आधारलेली आहे, नियंत्रित चाचण्यांवर नव्हे. याशिवाय कर्करोग, मधुमेह, पक्षाघात, अपस्मार, बहिरेपणा यांसारखे आजार हमखास बरे करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने निर्बंध घातले आहेत. जाहिरातीतील दावा जितका मोठा, तितकी शंका मोठी असावी. मधुमेहाची वा रक्तदाबाची चालू गोळी बंद करण्यास सांगणाऱ्या चिकित्सकाकडे पुन्हा जाऊ नये.

पैशाचा व्यवहार

वीस वा तीस सिटिंगचे ‘पॅकेज’ आगाऊ पैसे भरल्यास सवलतीत मिळते, असा प्रस्ताव पुष्कळदा पुढे येतो. सवलत आकर्षक दिसते. परंतु पाचव्या सिटिंगनंतर गुण आला नाही वा दवाखानाच बंद झाला, तर पैसे परत मिळण्याची शाश्वती नसते. शिवाय भरलेले पैसे वसूल करण्याच्या भावनेने रुग्ण अनावश्यक उपचार घेत राहतो. म्हणून दर वेळचे शुल्क दर वेळी द्यावे आणि पाच-सहा सिटिंगनंतर स्वतःशी आढावा घ्यावा. चालता येणारे अंतर वाढले काय, झोप लागते काय, गोळ्या कमी झाल्या काय, या प्रश्नांची उत्तरे वहीत टिपावीत. अशा उपचारासाठी मुदत ठेव मोडणे अथवा सोने गहाण ठेवणे यांची गरज भासू लागली, तर तेथेच थांबून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलावे.

शुल्क धनादेशाने अथवा बँक खात्यातून द्यावे व पावती घ्यावी. पावतीवर चिकित्सकाचे नाव, नोंदणी क्रमांक, दिनांक आणि उपचाराचा प्रकार असावा. आरोग्य विम्याबाबत आधीच चौकशी करावी. ॲक्युपंक्चर हे आयुर्वेद, योग, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी यांच्या ‘आयुष’ गटात मोडत नाही. पुष्कळ पॉलिसी रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च देत नाहीत आणि अप्रमाणित उपचारांना वगळणारे कलमही त्यांत असते. ‘विम्यातून सगळे मिळेल’ हे दवाखान्याचे आश्वासन विमा कंपनीकडून लेखी पडताळल्याखेरीज गृहीत धरू नये.

तक्रार कोठे करावी ?

इजा झाल्यास प्रथम रुग्णालयात उपचार घ्यावेत आणि तेथील कागद जपून ठेवावेत. शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. त्यानुसार ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. दवाखान्यातील अस्वच्छता, सुयांचा पुनर्वापर वा विनापरवाना व्यवसाय यांबाबत जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा. नोंदणीकृत डॉक्टरविरुद्ध त्याच्या परिषदेकडे दाद मागता येते. या सर्व ठिकाणी पावती हाच पहिला पुरावा असतो.

थोडक्यात

• आधी डॉक्टरकडून निदान, नंतर सुईचा विचार.
• भिंतीवरील प्रमाणपत्र न वाचता नोंदणी क्रमांक परिषदेकडे ताडावा.
• प्रशिक्षणाचे तास विचारावेत.
• निर्जंतुक सुयांचे पाकीट समोर उघडले जावे. पांढरा डबा दिसावा.
• सुयांबरोबर नाव नसलेली पुडी घेऊ नये, चालू औषधे बंद करू नयेत.
• आगाऊ पॅकेज टाळावे, प्रत्येक वेळी पावती घ्यावी.
• पाच-सहा सिटिंगनंतर आढावा घ्यावा.

हथखोजच्या कारखान्यात बाहेरून आलेला लोखंडाचा गज माप व दर्जा तपासल्यावाचून यंत्रावर चढत नाही. तेथील कामगाराला ही तपासणी कुणी शिकवावी लागत नाही. ती त्याच्या हातालाच ठाऊक असते. त्याच सवयीने त्याने सुई धरणाऱ्या हाताचीही तपासणी करावी. चार प्रश्न, एक नोंदणी क्रमांक आणि थोडा धीर एवढाच त्याचा खर्च आहे. चांगला चिकित्सक या चौकशीने दुखावत नाही, उलट असा रुग्ण उपचारातही तितकाच जागरूक राहील, हे तो जाणून असतो.